नाक्यावरची जकात

लहानपणी माझा असा समज होता की ट्रक चालवणारे सगळे लोक फार नेक असतात. गावात शिरण्याआधीच रांगेत थांबून जकात देतात!

आमच्या घरी जकात हा शब्द रमजानमध्ये निघायचा. अम्मी तिच्या चार बांगड्या आणि कानातले काढून अब्बांसमोर ठेवायची, अब्बा सराफाकडून भाव विचारून यायचे, वर्षभर शिल्लक राहिलेली रक्कम त्यात मिळवायचे आणि अडीच टक्क्यांचा हिशेब वहीच्या मागच्या पानावर करायचे. कोणाला किती द्यायचे तेही तिथेच लिहिलेलं असे. ती जकात. आणि रस्त्यावर मोठ्या अक्षरांत पाटी दिसे, ‘जकात नाका’. अब्बांचा टेम्पो होता. शहागंज आणि मोंढ्यातल्या व्यापाऱ्यांचा माल ते जालना, बीड, नगरहून आणायचे. सुट्ट्यांमध्ये मी शेजारी बसून जायचो. एका रात्री नाक्यावरच्या रांगेत तासभर उभे होतो तेव्हा मी विचारलं, “अब्बा, ये सब लोगां जकात देने कू रुके क्या?”

अब्बा हसले. म्हणाले, “हौ बेटा. पन ये देने की नै, लेने की जकात है.”

तेव्हा फारसं कळलं नाही. पुढे कळत गेलं. वाटेतल्या एका नाक्यावर (गाव सांगत नाही) पावतीचे पैसे वेगळे आणि पावतीशिवायचे वेगळे असत. दुसरे दिले नाहीत तर पोती मोजायला दोन तास लागत. अब्बा शर्टाच्या दोन खिशांत दोन प्रकारचे पैसे ठेवायचे. घरी आल्यावर अम्मी विचारायची, “कित्ते गए?” ती डिझेलबद्दल विचारत नसे.

शब्द एकच आहे. मराठीतली नाक्यावरची जकात त्याच अरबी जकातीवरून आलेली. वाटेत कुठेतरी अर्थ पालटला. एका जकातीत ज्याच्याकडे शिल्लक आहे त्याच्याकडून घेऊन नसलेल्याला द्यायचं असतं, आणि ज्यांना द्यायचं त्या आठ प्रकारच्या लोकांत प्रवासीही येतो. दुसरी जकात प्रवाशाकडूनच वसूल होते. फिकहच्या ग्रंथांत वाटेवरच्या अशा वसुलीला ‘मक्स’ म्हणतात आणि ती घेणाऱ्याबद्दल फार कडक भाषा आहे. मुघलांच्या काळात तिचं नाव होतं राहदारी. रस्त्याने माल नेणाऱ्याने जागोजागी भरायचा कर. ज्या बादशहाचं नाव या शहराला तीनशेहून जास्त वर्षं होतं, त्याने तख्तावर आल्यावर सुरुवातीच्याच काळात हा कर माफ केला होता. त्याचं नाव काढलं की हल्ली भलताच वाद सुरू होतो, म्हणून एवढंच सांगतो की खाफी खान लिहितो त्याप्रमाणे फौजदार आणि जहागीरदारांनी ते फर्मान फारसं मनावर घेतलं नाही, वसुली चालूच राहिली. शब्द मात्र मराठीत मुरला. ‘रहदारीला अडथळा’ असं वर्तमानपत्रात वाचतो तेव्हा तोच शब्द असतो. ट्रॅफिक आणि टोल, दोघांना मिळून आपल्याकडे एकच शब्द होता!

आमच्याकडची जकात २०११ साली गेली. तिच्या जागी एलबीटी आला, तोही गेला, मग जीएसटी आला. नाके नावापुरते उरले. नगर नाका, मोंढा नाका, सेंट्रल नाका. प्रत्येक ठिकाणी जकातच घेतली जायची असं नाही, पण रिक्षावाल्याला आजही ‘नाक्यावर सोड’ म्हटलं की पुरतं.

हे सगळं आठवायचं कारण मामू.

मामू म्हणजे अम्मीचे धाकटे भाऊ. चाळीस वर्षं या शहरात रिक्षा चालवली. मागच्या रमजानात, रोजा असतानाच, दुपारी त्यांचा इंतकाल झाला. फोन आला की असरनंतर शहागंजच्या मशिदीत जनाजाची नमाज आहे. मी टीव्ही सेंटरजवळ राहतो. अंतर पाच किलोमीटरही नाही. वेळ हातात होता. अम्मीला भावाने आधीच नेलं होतं. मी एकटाच कार काढून निघालो.

आझाद चौकातून रोशन गेटकडे वळलो तिथपर्यंत ठीक होतं. रोशन गेट ओलांडल्यावर गाडी थांबली ती थांबलीच. रमजानातली असरची वेळ म्हणजे काय ते आमच्या लोकांना सांगायला नको. इफ्तारच्या खरेदीला सगळं शहर जुन्या वस्तीत उतरलेलं असतं. खजूर, फळं, समोसे यांच्या गाड्या, त्यांच्यापुढे उभ्या दुचाक्या आणि उरलेल्या जागेत आम्ही. चंपा चौक समोर आहे हे माहीत असून दिसत नव्हता. मागे वळायला जागा नाही.

माझ्या डाव्या बाजूला एक शेअरिंगची रिक्षा होती. आत पाच जण आणि ड्रायव्हरच्या शेजारी एक. त्यात मामूंचा मोठा जावई बसलेला दिसला. त्याने मला पाहिलं, हाताने विचारलं, काय करायचं? मग खाली उतरला, रिक्षावाल्याच्या हातात पैसे ठेवले आणि चालायला लागला. मला हाक मारली, “भाई, उतर के आओ, पैदल जल्दी होता.”

मी कार कुठे सोडणार होतो? भर रस्त्यात?

तो पोचला. रिक्षातले दुसरे दोघेही उतरून गेले. मी बसून राहिलो. करायला काही नव्हतं म्हणून समोरच्या गाड्या मोजल्या. माझ्या नजरेत अकरा कार होत्या. त्यातल्या सात गाड्यांत एकेकच माणूस. माझी धरून आठ. आठ जणांनी मिळून तो रस्ता भरला होता. तेवढ्याच जागेत आठ रिक्षा मावल्या असत्या, म्हणजे चाळीस-पन्नास माणसं.

अजान झाली. जमातही झाली असणार. मी कब्रस्तानात पोचलो तेव्हा लोक मिट्टी देत होते. तीन मुठी माती दिली. मामूंच्या मुलाने काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

त्या रात्री तरावीहनंतर एक विचार डोक्यात आला आणि नंतर गेलाच नाही. रोशन गेटवर कोणी माझ्याकडे पन्नास रुपये मागितले असते, की आत कार न्यायची तर या वेळेला एवढे पडतील, तर मी काय केलं असतं? कपाळाला आठ्या घातल्या असत्या, दोन शब्द बोललो असतो आणि दुसऱ्या दिवसापासून रिक्षाने गेलो असतो. माझ्यासारखे आणखी सहा जण गेले असते. मग त्या दिवशी मला जनाजा मिळाला असता. कदाचित.

जगात काही शहरांनी हे करून पाहिलं आहे. सिंगापूरने १९७५ सालीच. सकाळच्या गर्दीत शहराच्या मध्यभागी कार न्यायची तर तीन डॉलरचा कागदी परवाना काचेवर चिकटवायचा. मला त्यातली आवडलेली गोष्ट अशी की कारमध्ये चार माणसं असतील तर पैसे नाहीत. ही सवलत १९८९पर्यंत होती. म्हणजे गाडी रिकामी नेण्याचा दंड. १९९८पासून तिथे इलेक्ट्रॉनिक कमानी आल्या. लंडनने फेब्रुवारी २००३मध्ये पाच पौंडांनी सुरुवात केली, पुढे ते तिप्पट झाले. न्यूयॉर्कने जानेवारी २०२५पासून मॅनहॅटनच्या साठाव्या रस्त्याच्या खाली येणाऱ्या कारला नऊ डॉलर लावले, आणि ते बंद पाडायला खुद्द वॉशिंग्टनचं सरकार मैदानात उतरलं. यावरून एक कळतं, कारवाल्याला पैसे मागणं कुठल्याच देशात सोपं नाही.

आपल्याकडे तर नाहीच. आणि महाराष्ट्राने टोलविरुद्ध जे केलं त्यात मी लोकांच्या बाजूने होतो, आजही आहे. कोल्हापूर आठवा. शहराच्या आतले पन्नासेक किलोमीटरचे रस्ते एका कंपनीकडून करून घेतले आणि वसुलीसाठी शहराभोवती नऊ नाके बसवले. आपल्याच गावात दूध घालायला जाताना टोल. एन. डी. पाटील, गोविंद पानसरे यांच्यासारखी म्हातारी माणसं रस्त्यावर उतरली, जानेवारी २०१४मध्ये नाके पेटले, आणि २०१५च्या अखेरीस सरकारला तो टोल मागे घ्यावा लागला. कंपनीचे पैसे सरकारी तिजोरीतून चुकते करण्याचं ठरलं. त्याच वर्षी जूनपासून राज्यातले बारा नाके बंद झाले होते आणि त्रेपन्न नाक्यांवर कार आणि एसटीला माफी मिळाली होती.

मुंबईचं प्रकरण निराळं आहे. तिथे नव्वदच्या दशकाच्या शेवटी पन्नासहून जास्त उड्डाणपूल बांधले, त्यांचा खर्च काढायला दहिसर, मुलुंड, ऐरोली, वाशी या वेशींवर पाच नाके आले. कारला पंचेचाळीस रुपये पडत होते. १४ ऑक्टोबर २०२४ला मंत्रिमंडळाने ठरवलं आणि मध्यरात्रीपासून कारचा टोल माफ झाला. दुसऱ्याच दिवशी विधानसभा निवडणुकीची घोषणा झाली! मोठे मालवाहू ट्रक मात्र भरतातच. मला अब्बांचा टेम्पो आठवला. मुंबईला माल नेणाऱ्याने भरायचं आणि एकटा माणूस कार घेऊन ऑफिसला निघाला तर त्याला माफी. याचा आनंद साजरा करणाऱ्यांत टॅक्सीतून सुद्धा न फिरणारे लोक होते.

आपला टोल कशाचा होता? पूल बांधला, त्याचे पैसे काढायचे. कंत्राटदाराचे किती वसूल झाले, किती राहिले, हे लोकांना कधी नीट कळलं नाही, म्हणून चीड होती आणि ती योग्य होती. सिंगापूर-लंडनवाला पैसा वेगळ्या कारणाचा आहे. तो रस्ता बांधल्याचा नाही. तो मी भर गर्दीच्या वेळी चार माणसांची जागा अडवली त्याचा आहे. रात्री दहा वाजता तोच रस्ता मोकळा असतो, तेव्हा कोणाचं काही अडत नाही. दोन्ही गोष्टींना आपण टोलच म्हणतो, म्हणून चर्चा सुरू व्हायच्या आधीच संपते.

समृद्धीवर मी कुरकुर न करता पैसे भरतो. सावंगीला चढलो की नागपूरपर्यंत किलोमीटरमागे दोन रुपयांच्या आसपास. फास्टॅगमधून कापले जातात, कळतही नाही. तिथे दुचाकीला मनाई, रिक्षाला मनाई. गरीब माणूस त्या रस्त्यावर दिसतच नाही, त्यामुळे त्याचा विचार करायची वेळ येत नाही. चंपा चौकात तो शेजारच्या रिक्षात बसलेला असतो.

हा विचार मी दोस्तांपुढे मांडला तेव्हा त्यांनी मला चांगलंच फैलावर घेतलं. एकाचा शहागंजला कपड्यांचा छोटा धंदा आहे. तो म्हणाला, “म्हणजे पैसेवाला पन्नास रुपये फेकून आत जाणार, आणि आम्ही बाहेर?” त्याचं म्हणणं उडवून लावता येत नाही. हे तेच शहर आहे जिथे ऑक्टोबर २०१०मध्ये एका झटक्यात दीडशे मर्सिडीज विकत घेतल्या गेल्या. देशभर बातमी झाली. त्या दीडशे जणांना पन्नास काय, पाचशे रुपयेही जाणवणार नाहीत. दुसरा म्हणाला, वाळूजला रिक्षा बनतात, दुचाक्या बनतात, शेंद्र्यात कारचा कारखाना आहे, गाड्या बनवणाऱ्या गावात तू गाड्यांवर कर मागतोस? तिसऱ्याने वेगळाच मुद्दा काढला. जुन्या शहरात आमची वस्ती जास्त. दरवाजांवर वसुली बसली तर बाहेरचे म्हणतील, त्यांच्या मोहल्ल्यात जायचे पैसे पडतात, कशाला जायचं? आणि आतल्यांना वाटेल, आम्हालाच का? याचं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं. आजही पूर्ण नाही. हे आधी आमच्या वस्तीत करून बघू नका, क्रांती चौक ते सिडकोच्या जालना रोडवर करा, एवढं म्हणू शकतो. तिथे एकामागून एक उड्डाणपूल झाले, तरी संध्याकाळी तिथली दशा सगळ्यांना माहीत आहे.

मी त्यांना एक विचारलं. त्या दिवशी रस्ता फुकट होता. मग मामूंच्या जावयाला काय फुकट मिळालं? तो रिक्षाचे पैसे देऊन अर्ध्या वाटेत उतरून चालत गेला. रिक्षावाल्याची अर्धी फेरी बुडाली. मामू सांगायचे, पूर्वी संध्याकाळी शहागंजच्या जेवढ्या फेऱ्या व्हायच्या त्याच्या निम्म्या आता होतात, गॅस मात्र तेवढाच जळतो. उभ्या उभ्या जळतो. म्हणजे मामू रोज संध्याकाळी टोल भरतच होते. नाका नव्हता, पावती नव्हती, आणि तो पैसा कोणाच्याच खिशात जात नव्हता. धुरात जात होता.

यावर कपड्यांवाला गप्प बसला असं नाही. तो म्हणाला, “ठीक आहे, पण पैसे घेऊन काय करणार ते आधी सांग.”

इथेच सगळं अडतं. स्टॉकहोमने २००६च्या जानेवारीत सहा-सात महिन्यांसाठी हा कर लावून पाहिला. पण त्याच्या आधी, ऑगस्ट २००५मध्ये, त्यांनी सोळा नवे बसमार्ग सुरू केले होते, जवळपास दोनशे नव्या बस आणून. कर लागायच्या आधी बहुतेक लोक विरोधात होते. प्रयोग संपला, गाड्या पाचव्या हिश्शाने कमी झाल्याचं लोकांनी स्वतः पाहिलं, आणि सप्टेंबरच्या सार्वमतात शहराने निसटत्या बहुमताने हो म्हटलं. लंडनमध्ये कायद्यातच लिहिलं होतं की हा पैसा वाहतुकीवरच खर्च करायचा. तिथे सुरुवातीला फरक पडला, काही वर्षांनी कोंडी पुन्हा वाढली हेही खरं. रस्त्यांची खोदकामं वाढली, मग भाड्याच्या गाड्या वाढल्या. पण बस सुधारल्या त्या सुधारल्या.

आपल्याकडे २०११च्या जनगणनेतच या शहराची लोकसंख्या पावणेबारा लाख होती. आताची शहर बस सुरू झाली २०१९च्या सुरुवातीला. ज्या शहरात माणसाला कार सोडून दुसरं काही धरायला नाही तिथे दरवाजावर पैसे मागितले तर ते पुन्हा ‘लेने की जकात’ होईल. लोक नाके पेटवतील आणि मी त्यांना चूक म्हणणार नाही. पन्नास रुपयांतला एकेक रुपया बसमध्ये, फुटपाथमध्ये, शेअरिंग रिक्षाच्या थांब्यात गेलेला डोळ्यांना दिसला तर गोष्ट वेगळी. घेतलं कोणाकडून आणि दिलं कोणाला, हे अब्बांच्या वहीतल्या मागच्या पानासारखं स्वच्छ लिहिलेलं हवं. अब्बांसारख्या टेम्पोवाल्यालाही त्यात सूट हवी, निदान रात्रीच्या वेळेची. आणि हे सगळं व्हायच्या आधी एक सोपी गोष्ट आहे, रस्त्यावर उभ्या कारचं भाडं. माझी कार शहागंजला दोन तास उभी राहते तेवढ्या जागेत एक फळवाला घर चालवतो. त्याला हाकलायला पथक येतं, माझ्या कारला कोणी काही म्हणत नाही.

मागच्या रमजानच्या शेवटी मी जकातीचा हिशेब करत होतो. मस्जिदीतल्या मौलानांना विचारलं, कार धरायची का? ते म्हणाले, स्वतःच्या वापराच्या वस्तूवर जकात नाही, कार धरू नका. मसला मला माहीत होता, तरी विचारला. मग मी मामूंची गोष्ट सांगितली. ते थोडा वेळ थांबले. म्हणाले, कार तुमची आहे, तिच्यावर जकात नाही. ती ज्या रस्त्यावर उभी होती तो तुमचा नव्हता. रस्त्यातली लोकांना अडणारी वस्तू बाजूला करणं हा सदका आहे, हे तर तुम्ही लहानपणी मकतबमध्ये शिकला असाल.

शिकलो होतो. तेव्हा डोळ्यांसमोर दगड आणि काटे यायचे.

मामूंच्या चाळिसाव्याला मी कार काढली नाही. टीव्ही सेंटरला शेअरिंग रिक्षात बसलो, मागे तिघे होते, मी चौथा. रोशन गेटनंतर रिक्षा थांबली, नेहमीसारखी. पुढे एक पांढरी कार आडवी होती, आत एकटा माणूस फोनवर बोलत होता. रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला नाही. इंजिन बंद करून तो मागे वळला आणि म्हणाला, “जिनकू जल्दी है वो उतरो, आधेच पैसे देव.”

मी पूर्ण पैसे दिले आणि उतरलो. घरी पोचलो तर अम्मी दारातच बसली होती. माझ्या मागे रस्त्याकडे बघत तिने विचारलं, “गाडी किधर लगाया?”